व्हार्निश लावलेले पांडव

गाडी मागं घेताना मी भीमाच्या अंगावरून चाक नेलं. नकुल-सहदेव त्याच फेरीत गेले, अर्जुनाचं धनुष्य गेलं, आणि जात्यावर दळत बसलेली एक गवळण जात्यासकट टायरला चिकटून वर आली. माझ्या गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा आहे. पण कॅमेऱ्याला शेण म्हणजे जमीनच वाटते, आणि मला कॅमेरा म्हणजे डोळेच वाटत होते.

दिवाळीच्या पाडव्याची सकाळ होती. काटेवाडीच्या पुढं कालव्यालगत रणजितची वस्ती आहे. रणजित माझा जुना विद्यार्थी. बारामतीच्या कॉलेजात मी त्याला मराठी शिकवलं, त्याचा त्याला काही उपयोग झाला नाही, आणि तो सुखानं गाईंचा गोठा चालवतो. दर दिवाळीला फराळाला बोलावतो. मी जातो, खातो आणि परत येतो, एवढाच आमचा शिरस्ता होता. अंगणात शेणाचे पांडव असतात हे मला माहीत होतं. आमच्या भागात पाडव्याला दारोदार ते घालतातच. पाच भाऊ, द्रौपदी, कृष्ण, पेंद्या, डोक्यावर हंडे घेतलेल्या गवळणी, ताक घुसळणारी, दळणारी, गोठा, गाई, सगळं शेणाचं. त्यावर झेंडू आणि कुर्डूचे तुरे खोचलेले, ज्वारीच्या दाण्यांचे डोळे. माहीत होतं, पण गाडी लावताना ते आठवायला हवं होतं.

गाडीतून उतरलो तर दारात रणजितची आई उभी. म्हाळसाबाई. सगळी वस्ती तिला आक्का म्हणते. हातात ओवाळणीचं ताट होतं. तिनं टायरकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"कौरवांस्नी अठरा दिसांत जमलं न्हाय," आक्का म्हणाली, "ते तुमी गाडीच्या बुडानं केलं व्हय, सर?"

मी क्षमा मागायला लागलो. क्षमेचं मराठी माझं बरं आहे. तिनं ते ऐकून घेतलं नाही.

"बाह्या वर करा. शेण टोपलीत हाय. ऊन चढायच्या आत भीम हुबा पायजे."

कडक इस्त्रीच्या झब्ब्यात, सगळ्या वस्तीतली पोरंटोरं गोल उभी असताना, मी उकिडवा बसून भीम वळायला लागलो. तोपर्यंत आक्काचे नकुल-सहदेव होऊन, गवळण परत जात्यावर बसून, अर्जुनाच्या खांद्याला धनुष्यसुद्धा लागलं होतं. माझ्या भीमाला पोट आलं. छाती आली. हात काही येईनात. लावले की गळून पडायचे.

"ह्यो भीम हाय का पोत्यातला बटाटा?" आक्कानं विचारलं. पोरं खिदळली. शेवटी पूजेची वेळ टळायला लागली म्हणून तिनं त्या बटाट्याच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. भीमाला यंदा हात न्हाईत. नायतरी खाण्याशिवाय त्यांचं काय काम हुतं."

मी हात धुऊन त्या गोकुळाचा फोटो काढला आणि मोबाईलच्या स्टेटसला टाकला. पुढचं सगळं त्या फोटोनं झालं.

पण आधी आक्का सांगायला हवी.

आक्का इंदापूर तालुक्यातली, वालचंदनगरच्या पलीकडच्या एका वाडीवरची. लग्न होऊन इकडं आली तेव्हा सासूनं पहिल्या दिवाळीला तिला शेणाची टोपली दिली आणि बाजूला उभी राहिली. नव्या सुनेची ती परीक्षाच असायची. आक्कानं पांडव घातले. सासूनं एकेकाच्या भोवती फिरून पाहिलं आणि म्हणाली, "धर्मराज लबाड वाटतोय." आक्का सांगते, "मी म्हनलं, हायच लबाड. नरो वा कुंजरो कुणी म्हनलं हुतं?" त्या दिवसापासून सासू-सून दोघींचं जमलं, असं ती म्हणते. न जमायची कारणं तिनं मला सांगितलेली नाहीत, पण ती असणार, कारण आक्काशी कुणाचं सलग जमलेलं मी पाहिलेलं नाही.

ती भांडते. बांधावरून भांडते, दुधाच्या गाडीवाल्याशी भांडते, ऊस भरलेला ट्रॅक्टर दारासमोर लावणाऱ्याशी तर हंगामभर भांडते. पत्त्यांत सरळ लबाडी करते आणि धरलं तर पत्ते उधळून उठते. स्वभावानं गोड म्हणावी अशी ती नाही. पण पाडव्याच्या दिवशी दुपारी ती वस्तीतल्या सगळ्या अंगणांतून फेरी मारते, आणि ती फेरी ऐकण्यासारखी असते. "तुज्या द्रौपदीला मानच न्हाय गं, डायरेक खांद्यावर डोस्कं." "पेंद्या किती वाळवलास. पेंद्या हाय का काटकी." "ही गाय वेल्याली दिसत न्हाय, मग वासरू कुणाचं?" बायका पदर तोंडाला लावून हसतात, पण आक्का येण्याआधी घाईघाईनं मान लांब करून घेतात. आक्का एखादीला "बरं झालंय" म्हणाली तर ती बाई वर्षभर ते सांगते.

म्हणजे पारख नसते असं नाही. पारख असते, आणि बोचरी असते. भाऊबीजेपर्यंत उभं राहिलं का, बघून पोरं हसली का, आणि शेवटचं म्हणजे, पेटलं का.

हे शेवटचं परगावच्या माणसाला सांगावं लागतं. भाऊबीज झाली की पांडव, गवळणी, गाई, सगळं गोकुळ अलगद उचलून पत्र्यावर वाळत घालतात. मग ते खडखडीत वाळलं की घरात जपून ठेवतात. रथसप्तमीला अंगणात सूर्याला ओवाळून त्याच गोकुळाची चूल पेटवायची, वर बोळक्यात दूध ठेवायचं आणि ते उतू घालायचं. घातलेले पांडव असे मोकळे करायचे. दिवाळीत अंगणात आलेली माणसं थंडीभर पाहुणी राहतात आणि माघात दुधाच्या वासाबरोबर जातात. ती गेल्याशिवाय पुढच्या दिवाळीला परत कशी येणार, असं आक्काचं म्हणणं.

यासाठी तिनं एक गावठी गाय ठेवली आहे. रणजितच्या गोठ्यात सगळ्या मोठ्या संकरित गाई, यंत्रानं दूध काढायच्या. त्यात ही एक तांबडी, कपभर दूध देणारी. रणजित दर वर्षी म्हणतो, "आई, ही नुसती खातीय." आक्का म्हणते, "जर्शीचं श्यान पातळ असतंय. त्याचा भीम बसकाच हुतो." दुधासाठी गाई पाळणारे पुष्कळ आहेत. भीमासाठी गाय पाळणारी मी ही एकच पाहिली.

आता रविराज. हा आक्काच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. इंदापूर रस्त्याला त्याचं कृषी पर्यटन केंद्र आहे. पुण्याची माणसं येतात, हुरडा खातात, बैलगाडीत बसून घाबरतात आणि संध्याकाळी परत जातात. माझ्या स्टेटसचा तो फोटो रणजितकडून त्याच्यापर्यंत पोचला आणि तो मावशीकडं आला. गोकुळ तेव्हा पत्र्यावर वाळत होतं.

"मावशी, बारामतीत ग्रामकलांचं प्रदर्शन भरवतोय आमचा ग्रुप," तो म्हणाला. "तुझं गोकुळ ठेवतो. लोकांनी बघितलं पायजे."

आक्काला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. लपवलं तर ती स्वतःच सांगेल. आपले पांडव बारामतीला चालले, हे तिनं संध्याकाळच्या आत साऱ्या वस्तीला कळवलं. तिच्या डोळ्यांपुढं प्रदर्शन म्हणजे मोठं अंगण होतं. लोक येतील, वाकून बघतील, द्रौपदीची मान वाखाणतील, भीमाला हसतील आणि जातील. तिनं रविराजला एकच अट घातली.

"रथसप्तमीच्या आदी माजं गोकुळ माज्या पत्र्यावर पायजे."

"आणून देतो की गं."

"शब्द?"

"शब्द."

संक्रांत झाली आणि प्रदर्शन भरलं, एका मंगल कार्यालयात. आक्काला आणि तिच्या सुनेला, प्रतिक्षाला, मी गाडीतून नेलं. आक्कानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. रस्त्यात ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांनी आमचा वेळ खाल्ला, तेव्हा खिडकीतून एका ट्रॅक्टरवाल्याशी तिचं थोडं बोलणं झालं, ते इथं देण्यासारखं नाही.

आत गेलो. काळं मखमली कापड अंथरलेली टेबलं, प्रत्येकावर वरून पिवळा दिवा, प्रत्येकासमोर जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी. माणसं हात मागं बांधून, देवळात चपला चोरीला गेल्यासारख्या चेहऱ्यानं हळूहळू फिरत होती. आक्का पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"माजं कुठं हाय?"

रविराजनं दाखवलं. ती त्याच टेबलावरून पुढं गेली होती. तिनं वाकून पाहिलं. गोकुळ चकचकत होतं. गवळणींच्या अंगावर दिव्याचा पिवळा ठिपका पडला होता, पेंद्या केशतेल चोपडून फोटोला बसल्यासारखा दिसत होता. झेंडू, कुर्डू काही नव्हतं. खाली गुळगुळीत लाकडी पाट होता.

"हे माजं न्हाय," आक्का म्हणाली.

"तुझंच आहे, मावशी."

"माजं असं तेल प्यायल्यागत न्हाय दिसत." तिनं नाक जवळ नेलं. ताठ झाली. "ह्याला सुताराच्या दुकानाचा वास येतुया. काय लावलंस?"

"व्हार्निश. तीन हात दिलेत. आता दहा वर्षं काही होत नाही त्याला."

रविराज हे अभिमानानं म्हणाला. मला त्याची कीवच आली. आपण मावशीचा मान केला अशी त्याची खात्री होती. आणि आक्का पाहत होती ते फक्त एवढंच की माघ तोंडावर आलाय, आणि ज्याच्यावर दूध उतू घालायचं त्याच्यावर ह्या पोरानं रॉकेलच्या भावकीतलं काहीतरी ओतून ठेवलंय.

आक्का बोलत नाही तेव्हा मी दोन पावलं मागं सरकतो. तिनं प्रतिक्षाला चिठ्ठी वाचायला सांगितली.

प्रतिक्षानं वाचलं, "शेणशिल्प-समूह. नैसर्गिक माध्यम, संरक्षक लेपासह. कारागीर, ग्रामीण महिला. कृपया हात लावू नये."

"ग्रामीण महिला कोन?"

"तुम्हीच, आत्या."

"आन हात कुणी लावायचा न्हाय?"

"कुणीच नाही."

आक्कानं हात पुढं केला आणि ताक घुसळणाऱ्या गवळणीच्या पाठीवर ठेवला. प्रदर्शनातला एक स्वयंसेवक धावत आला. आक्कानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो आला तसा गेला.

तेवढ्यात बक्षीस ठरवणारे परीक्षक आले. पुण्याचे होते, खादीचं जाकीट, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी आधी माईकवरून आम्हाला निकष समजावून सांगितले होते. फिनिशिंग, टिकाऊपणा आणि आधुनिक घराच्या सजावटीत वस्तू बसते का. प्रत्येक टेबलापाशी ते थांबत, डोळे बारीक करत आणि मनातल्या मनात ती वस्तू कुणाच्या तरी दिवाणखान्यात लावून बघत. घोंगडीपाशी म्हणाले, रंग जरा उठावदार हवा, सोफ्याला उठून दिसेल. एका कुंभारणीच्या रांजणापाशी म्हणाले, लहान आवृत्ती काढा, कोपऱ्यात ठेवायला बरी. रांजणाची लहान आवृत्ती म्हणजे तांब्या. कुंभारीण तो करतच होती, आणि तिनं तो शेजारी ठेवलाही होता. पण त्यात पाणी होतं म्हणून त्यांनी तो वस्तू समजून पाहिलाच नाही.

माझ्या डोक्यात तिडीक उठायला सुरुवात झाली ती इथं. मी शांत माणूस आहे. पेपरफुटीतसुद्धा मी शांत होतो. पण तिथं प्रत्येक टेबलापाशी दोनच प्रश्न चालले होते, केवढ्याला आणि कुठं लावणार. आमच्याकडं सकाळी उठून बाई सडा घालते, रांगोळी काढते, दुपारपर्यंत त्यावरून दूधवाला, पोस्टमन आणि दोन कुत्री गेलेली असतात, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा काढते. तिला कुणी विचारत नाही की बाई, हिची वॉरंटी किती. जात्यावरच्या ओवीला कुणी विचारलं नाही की ही कुठल्या भिंतीला शोभेल. घोंगडीत घाम मुरायचा असतो, तांब्यातलं पाणी प्यायचं असतं, आणि पांडवांनी जळायचं असतं. ते काढून घेतलं की उरतं ते सामान. सामान विकावं, मांडावं, झटकून ठेवावं, माझं काही म्हणणं नाही. पण सामानाच्या मापानं माणसाच्या हाताला मार्क द्यायचे म्हणजे लग्नातल्या जेवणाला ताटाच्या वजनावरून नावाजण्यासारखं आहे. हे सगळं मी मोठ्यानं म्हणणार होतो. तेवढ्यात परीक्षक भीमापाशी थांबले.

"ही आकृती," ते म्हणाले, आणि चष्मा लावला. "ही विलक्षण आहे. बाकीच्या पारंपरिक आहेत, पण इथं कलावंतानं अवयव मुद्दाम टाळलेत. सगळं बळ आकारात आणलंय. हिच्यात भीमाचं असहाय बळ दिसतं."

मी छताकडं बघायला लागलो.

"मुद्दाम न्हाय वो," आक्का म्हणाली. "ह्या सरांना हात जोडता आलं न्हाईत."

परीक्षक हसले. त्यांना तो ग्रामीण विनोद वाटला. मग ते गवळणींकडं वळले. "ह्या जरा एकसारख्या झाल्यात, मावशी. आणि उंची कमी करा. शोकेसच्या कप्प्यात मावत नाहीत."

"ती डोस्क्यावर हंडा घिऊन हुबी हाय," आक्का म्हणाली. "कमी कुठं करू? मान का पाय?"

"म्हणजे प्रमाणात."

"परमानातच हाय. तुमचा कप्पा वाढवा."

आता बघणारे हात सोडून जवळ यायला लागले. माझ्या मनात आलं, हे आता आक्काचं अंगण व्हायला लागलं. आणि तेव्हाच रविराज घाईघाईनं आला, मागं महामार्गावरच्या एका मोठ्या हॉटेलाचे मालक. रविराजच्या हातात गोल लाल स्टिकर होता. त्यानं तो द्रौपदीच्या कपाळावर चिकटवला.

"मावशी, गेलं," तो म्हणाला. "साहेबांनी घेतलं. रिसेप्शनला काचेत ठेवणार, वरून लाईट सोडणार. भाव तर असा आलाय की तुझ्या तांबडीच्या जन्माचा चारा निघेल."

"कुणी घेतलं?"

"साहेबांनी."

"आन ही टिकली?"

"विकलं म्हणून लावतात."

आक्कानं द्रौपदीकडं पाहिलं. मग हॉलभर पाहिलं. खुर्च्यांवर बसलेले पाहुणे, हारतुरे घातलेले, माईक, जाकीट. आणि ती अशा आवाजात बोलली की चहावाल्यानं किटली खाली ठेवली.

"भर सभेत द्रौपदी इकली व्हय रे, रविराज?"

हॉटेलमालकांना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि ते बिचारे पाहुण्यांच्या रांगेत जाऊन बसायला निघाले होते ते उभेच राहिले. रविराजचं तोंड लाल झालं.

"मावशी, असं काय बोलतेस. दान दिलंय का मी. पैसे तुलाच देणार होतो."

"मी इकाया दिलं हुतं?"

"बघायलाच दिलं होतंस, पण..."

"तू शब्द काय दिलास?"

"दुसरं करून दे की त्यांना. तुला काय, अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"पाडवा तू आनतूस का मधीच?" आक्का म्हणाली. "आन, मी घालती."

तिनं नखानं तो स्टिकर उपटला. उपटताना त्याच्याबरोबर द्रौपदीच्या कपाळाचं थोडं व्हार्निश निघालं. तिनं स्टिकर परीक्षकांच्या जाकिटाला लावला. रागानं नाही, कुठंतरी चिकटवायला हवा म्हणून. मग द्रौपदी उचलून पदराखाली घेतली, एका हातानं अर्जुन घेतला आणि दाराकडं चालायला लागली. प्रतिक्षानं दोन गवळणी घेतल्या. मी माझा भीम घेतला. उरलेला पाट रविराजनं स्वतः उचलून गाडीपर्यंत आणला, कारण मावशी चिडली की त्याची आई चिडते, आणि आईसमोर हॉटेलमालक काहीच नाहीत.

पाट डिकीत ठेवताना तो मला म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही तरी सांगा तिला. वस्तीत आता पांडव कोण घालतंय? पाच-सहा म्हाताऱ्या. ह्यात चार पैसे दिसले असते तर पोरी शिकल्या असत्या. मी काय वाईट केलं?"

त्याचं अगदीच खोटं नव्हतं. म्हणून मला जास्त राग आला. आपला राग नेमका तिथं जास्त येतो जिथं समोरच्याचं थोडं खरं असतं. मी गाडी सुरू केली.

रथसप्तमीच्या दिवशी सकाळी मी वस्तीवर गेलो. बोलावलं नव्हतं, पण राहवलं नाही. अंगण सारवलेलं होतं, रथाची रांगोळी काढलेली होती, बोळक्यात दूध तयार होतं. आणि आक्का चुलीपाशी कपाळाला हात लावून बसली होती.

तिनं एक गवळण पेटवून पाहिली होती. व्हार्निशनं भडका घेतला, निळाहिरवा, आणि असा घाणेरडा वास सुटला की गोठ्यातल्या गाईंनी माना झटकल्या. गवळण बाहेरून जळली आणि आत तशीच राहिली.

"ह्याच्यावर दूध ठिवलं तर सूर्याला रंगाऱ्याच्या हातचं पाजल्यागत हुईल," आक्का म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं, आणि तेच मला बघवलं नाही. इतक्या वर्षांत, सासू वारली त्या वर्षीसुद्धा, तिनं हे चुकवलेलं नव्हतं.

प्रतिक्षा म्हणाली, "आत्या, साध्या गोवऱ्यांवर घालू या यंदा. गोवऱ्या रग्गड आहेत."

"साध्या गोवऱ्यांचं पांडव हुत न्हाईत."

ती उठून खुरपं घेऊन आली. अर्जुन मांडीवर घेतला, खुरप्याचं टोक त्याच्या पाठीत घातलं आणि एक पापुद्रा उचलला. तीन हात दिलेला तो लेप, जाड, टणक, शेणाचा वरचा थर धरून शेंगेच्या टरफलासारखा निघाला. आत शेण होतं तसं होतं. कोरडं, हलकं, गवताच्या काड्या दिसणारं, तांबडीचं.

मग आम्ही तिघं बसलो. आक्का खुरप्यानं सोलायची, प्रतिक्षा विळ्यानं, आणि मी नखांनी. नखांचं काम मला जमलं. टरफलात नाक गेलं, डोळे गेले, हंडे गेले, द्रौपदीची ती नावाजलेली मान गेली. आत उरले ते ओबडधोबड गोळे. कोण धर्मराज, कोण पेंद्या, कळायची सोय नव्हती. आक्काला कळत होतं. "हा सहदेव, खालती ठिवा," असं सांगत ती चूल रचत गेली. टरफलांचा ढीग बाजूला चकाकत होता.

काडी लावली. बारीक, सरळ जाळ उठला. धूर आला तो आपल्या ओळखीचा. बोळकं ठेवलं, सगळे हात जोडून उभे राहिले. साय हलली, फुगली, कड ओलांडून चारही अंगांनी खाली गेली. आक्कानं ती कुठल्या बाजूनं आधी गेली ते, त्यावरून पुढचं पीकपाणी कळतं म्हणून, वाकून पाहिलं आणि हळद-कुंकू वाहिलं.

दुधाचा आणि शेणाचा मिळून वास अंगणात पसरला होता. आक्का मांडी घालून जाळ बघत बसली होती. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आता विचारायला हरकत नाही. रविराजचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नव्हतं.

"आक्का," मी म्हणालो, "विकायचं नाही ते बरोबर. पण एखादी गवळण जपून ठेवायला हवी होती, असं नाही वाटत? पुढच्या पिढीला बघायला तरी मिळाली असती."

आक्कानं जाळातली काटकी पुढं सारली.

"पुढच्या पिढीला हात न्हाईत व्हय?"